गाठ काढण्याआधी

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादच्या रस्त्याला लागलं, की छावणी मागे पडते आणि पडेगाव येतं. इथे मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. मेंढरं पाळणाऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. मेंढी व्याली की कास भरते, कोकरू तोडलं की दूध आटत जातं आणि काही आठवड्यांत कास पुन्हा सुकते. जनावर तेच, अवयव तोच. पण त्यातल्या पेशी एकदा झपाट्याने वाढतात, मग दूध करू लागतात, आणि नंतर आपलं काम आवरतंही घेतात. त्यांना हे सांगतं कोण? स्तनाच्या कर्करोगावरच्या औषधांच्या एका मोठ्या शाखेचा इतिहास या प्रश्नापाशी सुरू होतो, आणि तो सुरू झाला तोही मेंढ्यांच्याच शेजारी.

१८७६ साली जॉर्ज बीटसन हा तरुण डॉक्टर स्कॉटलंडच्या पश्चिम भागात एका मनोरुग्णाची देखभाल करण्यासाठी राहत होता. शेजारी मेंढ्यांचा मळा होता आणि हाताशी वेळ होता. कोकरं तोडण्याचं काम बघता बघता त्याला दुधाच्या प्रक्रियेचं कुतूहल वाटू लागलं आणि त्याच विषयावर त्याने प्रबंध लिहिला. व्यालेल्या गाईचे बीजकोश काढून टाकले तर ती पुढे बराच काळ दूध देत राहते, ही काही देशांतल्या शेतकऱ्यांची माहितीही त्याला मिळाली. म्हणजे पोटातला एक अवयव छातीतल्या दुसऱ्या अवयवाच्या पेशींवर हुकमत चालवतो, हे त्याच्या ध्यानात आलं. दूध येताना स्तनातल्या पेशी जशा वाढतात, त्यात आणि कर्करोगात त्याला साम्य दिसत होतं. जून १८९५ मध्ये ग्लासगोला त्याने एका ३३ वर्षांच्या, दोन मुलांच्या आईचे बीजकोश काढले. तिचा स्तन आधीच काढला होता, तरी रोग छातीवर परत उगवला होता. पुढच्या काही महिन्यांत त्या गाठी विरघळत गेल्या. १८९६ मध्ये बीटसनने हे ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. रोग त्या बाईला कायमचा सोडून गेला नाही, काही वर्षांनी तो परतलाच. तरीही शरीरात आधीपासून असलेला एखादा संदेश बंद केला तर कर्करोगाची पेशी आपलं वागणं बदलते, हे प्रथमच माणसात दिसलं होतं. तेव्हा ‘हॉर्मोन’ हा शब्दही अस्तित्वात नव्हता. तो १९०५ मध्ये आला आणि इस्ट्रोजेन शुद्ध रूपात हाती लागलं ते १९२९ मध्ये.

हा धागा पुढे मुंबईतही पोचतो. तिथे परळला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. त्याच्या परिसरात डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी पुढे कर्करोग संशोधन केंद्र उभं केलं. या केंद्रातल्या एका मराठी बाईंचं नाव आपल्या शाळांमध्ये जितकं माहीत असायला हवं तितकं नाही, याची मला मनापासून खंत वाटते. कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे, १९१७ मध्ये पुण्यात जन्मल्या. हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकल्या आणि १९४९ मध्ये खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. नंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, बाटलीत पेशी वाढवण्याच्या विद्येत गे तेव्हा अग्रणी होते. जगभर वापरल्या जाणाऱ्या हेला पेशी १९५१ मध्ये वाढल्या त्या त्यांच्याच प्रयोगशाळेत. ती विद्या रणदिव्यांनी मुंबईत आणली आणि भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. उंदरांच्या माद्यांमधला स्तनाचा कर्करोग, त्यातली संप्रेरकं आणि विषाणू यांचा परस्परसंबंध हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यात राजूरला आदिवासी मुलांच्या पोषणाचं काम करत राहिल्या. पेशीला कोण काय सांगतं हा प्रश्न परळच्या इमारतींमध्ये कसा मुरला, हे समजून घ्यायचं तर सुरुवात त्यांच्यापासून करावी लागते.

जुन्या औषधाला नवं काम सापडण्याची गोष्ट याच काळात इंग्लंडमध्ये घडत होती. आयसीआय कंपनीत आर्थर वॉलपोल आणि त्यांचे सहकारी संततिनियमनाची गोळी शोधत होते. त्यांना एक रेणू सापडला. उंदरांमध्ये त्याने गर्भधारणा थांबत होती, पण बायकांमध्ये तो उलट बीज सुटायला मदत करायचा. गर्भनिरोधक म्हणून तो निकामी ठरला. १९७१ मध्ये मँचेस्टरच्या ख्रिस्ती हॉस्पिटलमध्ये मेरी कोल यांनी तोच रेणू पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ४६ रुग्णांना दिला आणि १० जणींमध्ये रोग ओसरला. हेच टॅमॉक्सिफेन. पेशीतल्या इस्ट्रोजेनच्या जागेवर ते स्वतः ठाण मांडतं, त्यामुळे वाढीचा हुकूम पेशीपर्यंत पोचतच नाही. आज मराठवाड्यातल्या किती बायका सकाळी चहाबरोबर ही गोळी पाच-पाच, दहा-दहा वर्षं घेतात! त्यांचं पुढचं आयुष्य एका फसलेल्या गर्भनिरोधकावर उभं आहे.

टॅमॉक्सिफेन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. परळच्या एका सर्जनने पुढे जो प्रश्न विचारला तो मात्र दिवसांचा होता, आणि शेवटी मिनिटांचा झाला.

त्या सर्जनचं नाव राजेंद्र बडवे. त्यांचा प्रश्न कळायला आधी एक अवघड गोष्ट पाहावी लागते. स्तनात छोटी गाठ आहे, सर्जन ती संपूर्ण काढतो, कडा स्वच्छ निघतात. तरीही काही बायकांमध्ये दोन-तीन वर्षांनी रोग यकृतात, हाडांत, फुफ्फुसांत उगवतो. स्टीफन पेजेट या इंग्रज सर्जनने १८८९ मध्येच ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासून म्हटलं होतं, की बी सगळीकडे पडतं पण रुजतं ते मानवणाऱ्या जमिनीतच. कोरडवाहू मुलखातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे इटलीच्या रोमानो डेमिकेली आणि अमेरिकेच्या मायकेल रेट्स्की यांनी मिलानच्या रुग्णांच्या नोंदी मांडल्या, तेव्हा रोग परतण्याची पहिली लाट शस्त्रक्रियेनंतर साधारण दीड वर्षाने येते असं दिसलं. लाट इतकी ठरावीक वेळी येत असेल, तर तिचा धागा कुठेतरी खुद्द शस्त्रक्रियेच्या दिवसाला जोडलेला असणार. गाठ हाताळली जाते, कापली जाते, रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्या तासाभरात पेशी काय करतात?

त्याआधीच बडवे लंडनच्या गाईज हॉस्पिटलमध्ये इयन फेंटिमन यांच्याबरोबर काम करत होते. १९९१ मध्ये त्यांचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. पाळी सुरू असलेल्या २४९ रुग्णांचे जुने कागद काढून त्यांनी पाहिलं, की शस्त्रक्रिया पाळीच्या कितव्या दिवशी झाली होती. पाळी आल्यापासून तिसऱ्या ते बाराव्या दिवसात जिची गाठ काढली गेली, त्या गटात दहा वर्षांनी ५४ टक्के बायका हयात होत्या. इतर दिवसांत ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांच्यात ८४ टक्के. सर्जन तेच, रुग्णालय तेच, रोग तोच. फरक तारखेचा. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात शरीरात इस्ट्रोजेन एकटं असतं आणि नंतर त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन येतं. या दुसऱ्या संप्रेरकाच्या सोबतीत कापलेली गाठ कमी पसरत असावी, असा त्यांचा तर्क होता.

हा निष्कर्ष सहज स्वीकारला गेला नाही, आणि ते योग्यच होतं. जुन्या नोंदींवरून काढलेला आकडा फसवू शकतो. पाळीची तारीख केसपेपरवर नीट लिहिलेली असेलच असं नाही. पुढची कित्येक वर्षं जगभरातून उलटसुलट अहवाल आले. काहींना फरक दिसला, काहींना काहीच दिसलं नाही. यातून बाहेर पडायची वाट बडव्यांनी ज्या पद्धतीने काढली, ती मला या साऱ्या कथेत सर्वांत देखणी वाटते. बाईच्या पाळीप्रमाणे ऑपरेशनच्या तारखा लावणं भारतातल्या कुठल्याही गर्दीच्या रुग्णालयाला झेपणारं नाही. पाळी गेलेल्या बायकांना तर त्याचा उपयोगच नाही. मग तारीख बदलण्याऐवजी संप्रेरकच का देऊ नये?

हे संप्रेरक तयार होतं. हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट १९५० च्या दशकापासून बाजारात आहे. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईला डॉक्टर कमरेत जे गर्भ टिकवण्याचं इंजेक्शन देत आले, ते हेच. बडवे मुंबईत परतल्यावर टाटा मेमोरियलमध्ये नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस चाचणी सुरू झाली. एक हजार बायकांची चिठ्ठी टाकावी तशी दोन गटांत विभागणी झाली. अर्ध्या जणींना शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी ५०० मिलीग्रॅमचं एकच इंजेक्शन, अर्ध्यांना नेहमीची शस्त्रक्रिया. नंतरचे केमो, शेक, गोळ्या दोन्ही गटांना ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे. मग वाट पाहणं. अशा चाचणीत वाट पाहणं हेच मोठं काम असतं. गावोगावी परतलेल्या बायकांशी पत्रांनी, फोनने वर्षानुवर्षं संपर्क ठेवायचा, कोण बरी आहे, कुणाला परत दुखणं लागलं, कोण गेली याची नोंद ठेवायची. हे काम नियतकालिकाच्या चार पानांत दिसत नाही. रोहिणी हवालदार, वाणी परमार, सुदीप गुप्ता, इंद्रनील मित्रा अशी नावं त्या निबंधावर आहेत, आणि त्यामागे कितीतरी न छापलेली.

२०११ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’मध्ये निकाल आला. ९७६ बायकांचा हिशेब लागला होता. सगळ्या जणी एकत्र धरल्या तर इंजेक्शनचा फायदा सिद्ध झाला नाही. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या ७३.९ टक्के विरुद्ध ७०.२ टक्के, एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. पण ज्यांच्या काखेतल्या ग्रंथींपर्यंत रोग आधीच पोचला होता त्या ४७१ जणींमध्ये चित्र वेगळं होतं. इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ६५.३ टक्के पाच वर्षांनी रोगमुक्त होत्या, न घेतलेल्यांपैकी ५४.७ टक्के. हयात असलेल्यांचे आकडे ७५.७ आणि ६६.८. या ओळी वाचताना हुरळून जाण्याचा मोह होतो. एकूण निकाल शून्याजवळ असताना एका उपगटातला फायदा म्हणजे पुरावा नव्हे, भक्कम इशारा आहे. टाटाच्या डॉक्टरांनीही तो तसाच मांडला आणि पुन्हा चाचणी व्हावी असं लिहिलं.

इशारा खरा असेल तर पेशीच्या आत काहीतरी घडत असलं पाहिजे. खारघरच्या टाटा संशोधन केंद्रात, ॲक्ट्रेकमध्ये, अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेने ते शोधायला घेतलं. बशीत वाढवलेल्या स्तनकर्करोगाच्या पेशींना प्रोजेस्टेरॉन दिलं, तर त्यांचं सरकणं आणि आसपासच्या थरांत घुसणं मंदावलं. २०१७ मध्ये छापलेल्या या निष्कर्षातली चक्रावणारी गोष्ट अशी, की ज्या पेशींवर प्रोजेस्टेरॉन ओळखणारा ग्राहक नाही त्याही मंदावल्या. संदेश नेहमीच्या दाराने आत जात नव्हता, तरी पोचत होता. पेशी मेल्या नाहीत, त्यांचं वागणं बदललं. मारण्याची भाषा कर्करोगाच्या बाबतीत इतकी रुळली आहे, की न मारताही पेशीला पसरण्यापासून अडवता येईल ही शक्यता आपल्याला पटकन सुचत नाही.

बडवे आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या चाचणीसाठी जे औषध निवडलं, ते प्रोजेस्टेरॉनहूनही साधं होतं. स्वीडनमध्ये निल्स ल्योफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट या रसायनशास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये लिग्नोकेन बनवलं, आणि लुंडक्विस्टने ते स्वतःच्या शरीरावर टोचून तपासलं. १९४८ पासून ते झायलोकेन नावाने विकलं जाऊ लागलं. दात काढताना, टाके घालताना जागा बधिर करायला तेच वापरतात. तालुक्याच्या दवाखान्यातल्या फडताळातही त्याची बाटली असतेच. मज्जातंतूच्या आवरणावर सोडियमचे कण आत घेणारी बारीक दारं असतात. लिग्नोकेन ती दारं बंद करतं, म्हणून वेदनेचा निरोप पुढे जात नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये मुस्तफा जामगोझ यांच्या गटाने दाखवलं होतं, की पसरण्याच्या तयारीतल्या स्तनकर्करोगाच्या पेशींवरही अशीच सोडियमची दारं असतात, आणि त्यांच्या घुसखोरीत ती हातभार लावतात. मज्जातंतू बधिर करणारं औषध त्या पेशींनाही काही मिनिटं जागच्या जागी थोपवू शकेल का?

२०११ पासून भारतातल्या ११ केंद्रांत सोळाशे बायका या चाचणीत आल्या. अर्ध्यांना पूर्ण भूल दिल्यानंतर, गाठ काढण्याच्या ७ ते १० मिनिटं आधी, गाठीच्या चहूबाजूंना अर्धा टक्का लिग्नोकेन टोचलं. बाकी सगळं तेच. सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिसच्या युरोपीय कर्करोग परिषदेत बडव्यांनी निकाल मांडला आणि २०२३ मध्ये तो छापून आला. पाच वर्षांनी रोगमुक्त ८६.६ टक्के, लिग्नोकेन न दिलेल्यांत ८२.६. हयात ९०.१ टक्के विरुद्ध ८६.४. दूरच्या अवयवांत रोग उगवण्याचं प्रमाण ११.६ वरून ८.५ टक्क्यांवर आलं. या वेळी फायदा एका उपगटापुरता नव्हता, सगळ्या जणी एकत्र धरूनच तो दिसला. शंभर बायकांमागे पाच वर्षांनी तीन-चार जास्त बायका आपापल्या घरी असणं, आणि तेही सुमारे शंभर रुपयांच्या औषधावर! लाखो रुपयांच्या नव्या औषधांच्या कित्येक चाचण्या याहून कमी फरकावर गाजतात.

आक्षेपही आले आणि ते ऐकण्यासारखे आहेत. दुसऱ्या गटाला नुसतं मिठाचं पाणी टोचलं नव्हतं, त्यामुळे परिणाम औषधाचा की टोचण्याचा हे वेगळं काढता येत नाही. कुणाला काय दिलं हे सर्जनना माहीत होतं. सोडियमच्या दाराचा तर्क बशीतल्या पेशींवरून आलेला आहे, स्त्रीच्या शरीरात त्या दहा मिनिटांत नेमकं काय घडलं हे या चाचणीने दाखवलं नाही. दुसऱ्या देशात, दुसऱ्या हातांनी हीच चाचणी व्हायला हवी. पण ती करणार कोण? लिग्नोकेनचं पेटंट कधीच संपलं आहे. ते पुन्हा तपासून कुणाही कंपनीला एक रुपया मिळणार नाही. टाटा मेमोरियल १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे, सरकारी पैशावर चालतं, आणि रोज दारात येणाऱ्या गरीब बायकांची रांग बघतं. असला प्रश्न अशाच ठिकाणी विचारला जातो. भारतात मूलभूत संशोधन होत नाही असं जे सर्रास म्हटलं जातं, ते म्हणणाऱ्यांनी हे दोन निबंध एकदा वाचावेत.

मराठवाड्यातली बाई या कथेत कुठे येते? कैक वर्षं तिचा रस्ता एकच होता. देवगिरी किंवा तपोवन एक्सप्रेसने मुंबई, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीत जागा मिळते का ते पाहणं, आणि पहाटे टाटाच्या रांगेत फाईल घेऊन उभं राहणं. २०१२ मध्ये छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ घाटी रुग्णालयाशी जोडलेलं शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालं, पुढे त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. पडेगावातून तिथे आता रिक्षाने जाता येतं. शस्त्रक्रियागृह आहे, आणि लिग्नोकेन तर आहेच.

अडचण वेगळीच आहे. लिग्नोकेनच्या चाचणीत ज्या बायका होत्या, त्यांची गाठ थेट शस्त्रक्रियेने काढता येण्याजोगी होती. गाठ इतकी मोठी, की आधी केमो देऊन ती लहान करावी लागेल, अशा बायका त्यात नव्हत्या. आपल्याकडे मात्र दुखत नाही म्हणून गाठ महिनोन्‌महिने पदराआड राहते. घरात सांगायची लाज असते, कापूस वेचणीचे दिवस असतात, सोबत यायला कुणी नसतं. ती दवाखान्यात पोचते तेव्हा त्या दहा मिनिटांच्या इंजेक्शनचा प्रश्नच उरलेला नसतो. यावरचं कामही टाटानेच केलं आहे. १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक बायकांवर इंद्रनील मित्रांच्या पुढाकाराने एक चाचणी सुरू झाली. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी निम्म्या बायकांचे स्तन हाताने तपासत होत्या. ना मॅमोग्राफी, ना यंत्र. २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने तिचे वीस वर्षांचे आकडे छापले. तपासणी झालेल्या बायकांचा रोग लवकरच्या टप्प्यात सापडला. सगळ्या वयांचा एकत्र हिशेब केला तर मृत्यूंतली घट निर्विवाद ठरली नाही, पण पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांमध्ये स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. अशी सेविका गावातल्या आशाताईंमधूनही तयार होऊ शकते, आणि तिला गाठ लहान असतानाच हाताला लागली, तर पुढचं लिग्नोकेन जिल्ह्याच्या शस्त्रक्रियागृहात आज, या घडीला देता येतं.